फोटोपुरतं भोक

...नाही, त्याला हात नका लावू भाऊ, ते विकायचं नाही. ते भोक पाडलेलं इंजिन आहे, फोटोपुरतं. म्हणजे काय म्हणजे? आपल्या वस्तीची हवा पार नासली, म्हणून सरकारनं योजना काढली ना — धूर ओकणारा जुना ट्रक मोडीत द्या, नव्यासाठी पैसे घ्या. मोडायचा आमच्या भंगारखान्यात, मोडण्याचे पैसे सरकार आम्हाला देणार, आणि इंजिनाला मूठ जाईल एवढं भोक पाडून फोटो पाठवायचा, म्हणजे ते जन्मात पुन्हा चालायला नको. चांगलीच होती की योजना. पण आमचे हे! यांनी भोक पाडलं ते एकाच इंजिनाला — हे बघा, हेच. ट्रक बदलला की ह्याच्यावर नवा नंबर रंगवायचा, की काढला फोटो. आणि धडधाकट इंजिनं त्या पत्र्याखाली, तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांसाठी. तपासायला साहेब येतात ना, ते नाकाला रुमाल लावून येतात आणि खिसा गरम करून जातात. शी. कुंपणच शेत खातंय, तिथं सांगायचं कुणाला?

बसा, खुर्ची पुसून बसा — पुसली तरी काळीच राहते म्हणा. तुम्हाला वाटेल, या बाईला काय पडलंय. पडलंय ना. नात आहे मला, एवढीशी. झोपेत छाती नुसती भात्यासारखी वरखाली व्हायची तिची. शेवटी सून तिला घेऊन माहेरी गेली — भांडून नाही हो, गुणाची आहे — म्हणाली, "आई, हे ट्रक थांबले की येते." आणि मी खुळी, योजना आली तशी पोरीचे फ्रॉक धुऊन घडी घालून ठेवले. ट्रक गेलेही. खिडक्या उघडल्या मी, कधी नाही त्या. मग एके सकाळी नाक्यावरून तीच घरघर — ट्रक दुसराच, पण इंजिन आमच्याच अंगणातलं, आवाज ओळखते मी, जन्म गेला इथं. यांना जाब विचारला, तर म्हणतात, त्या पैशातून नातीच्याच नावानं ठेव टाकलीय, शिक्षणाला. श्वास पुरला तर शिकेल ना ती? किळस येते हो, एका ताटात जेवायची किळस येते.

तुम्ही कुठं चालवणार म्हणालात? इथंच, शाळेवरून? हं. पोट सगळ्यांनाच आहे, तुम्हाला तरी काय बोलू. यांना इसार दिलात का? नाही ना? मग देऊ नका. का ते — जा, त्या पत्र्याखालचं कुठलंही फिरवून बघा. ...फिरत नाही ना? दुसरं बघा. जोर लावू नका, खांदा निखळेल. गंज नाही तो. मोरीच्या कामातलं सिमेंट उरलं होतं, ते पातळ कालवलं आणि तेल ओततात त्या तोंडातून ओतलं — एकूण एक इंजिनात. हे जेवून आडवे झाले की माझं काम सुरू. सरकारनं पैसे यांना दिले, काम मी केलं.

असे बघू नका. सांगायचं तर खुशाल उठवून सांगा, आत घोरतायत. घराबाहेर काढतील मला, काढू देत. सुनेला मात्र अजून "ये" म्हणवत नाही माझ्याच्यानं — दुसरे भंगारवाले आहेतच की रस्त्यावर, तुम्ही आता त्यांच्याकडेच जाणार, नाही का?

उठलात?

जा मग. फाटक ओढून घ्या, धूर येतो आत.