तिसरा हॉर्न

कानाच्या डॉक्टरांकडे बाकावर बसलेल्या निवृत्त मास्तरीणबाईंच्या कानात सकाळपासून शिट्टी वाजत होती. शेजारी एक टॅक्सीवाला आणि त्याची थोरली बहीण बसली होती. टॅक्सीवाला बोलत नव्हता, ओरडत होता.

"ताई, कान तिखट आहेत माझे! हॉर्नच भिकार निघाला."

"तिसरा हॉर्न आहे तो, मेल्या! पहिला भिकार, दुसरा भिकार. तुझी गाडी घाटाच्या पायथ्याशी असते आणि इथे वर माझ्या फडताळातल्या कपबश्या नाचायला लागतात."

"घाटात वळणं किती आहेत! वळणावर वाजवावाच लागतो."

"आणि सरळ रस्त्यावर?"

"पुढे वळण येतंय म्हणून."

"दारात गाडी लावल्यावर?"

"आलो हे कळायला नको?"

"अख्ख्या गावाला कळतं. आता डॉक्टर यंत्र देतील, ते मुकाट्यानं लाव."

"यंत्र लावलं की सगळं ऐकू येणार?"

"सगळं."

"सगळ्यांचे हॉर्नसुद्धा? दिवसभर?"

"हो, दिवसभर."

"नको गं ताई! माणसाला वेड लागेल."

"अस्सं! मग आम्ही काय दगडाचे आहोत?"

"अकरा नंबर!" आतून हाक आली. तो नंबर मास्तरीणबाईंचा होता. त्या उठल्या, आपली चिठ्ठी टॅक्सीवाल्याच्या हातात कोंबली आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा तोच आवाज त्यांनी काढला.

"आधी तुम्ही जा. चौथ्या वळणावर घर आहे माझं. तुमचे कान बरे झाले की माझे आपोआप होतील."