ब्रेमोंच्या बांधावरची तार

नाही नाही, बांधावरून नको — हे बघ, तुझ्या नकाशात ती हिरवी रेघ आहे ना, ती खोटी नाही, रस्ता आहे, तळ्याकाठानं जातो, समोर गढी दिसते, पाण्यात तिचे बुरूज उलटे दिसतात, सगळं खरं — पण तू आपली मोठ्या रस्त्यानं जा. थोडं लांब पडेल. पडू दे. तरणे पाय आहेत तुझे. का म्हणजे? इथं बसून जो तो ‘का’ विचारतो. खा आधी. शेळीचं चीज आहे, आमच्याकडचंच, वरची राख काढू नकोस, ती खायचीच असते. आणि कुणी सांगितलं तुला बांधाचं — त्या कॅम्पवरच्या पोरानं? त्याला काय जातंय सांगायला!

तारेचं ऐकलंयस? मग असं सांग ना सरळ. म्हणूनच मघापासून माझ्या तोंडाकडं बघतेयस. नाही, राग नाही आला. ऐकलंच आहेस तर नीट ऐक, नाहीतर इथले शिकारी तुला भलतंच सांगतील. त्या सिल्व्हँ खाटकाचं तर मुळीच ऐकू नकोस — त्याच्या भुवईवर टाक्यांचा वण दिसेल ना, तो माझ्या बाटलीचा आहे. हो, ह्याच गल्ल्यामागून फेकली. भरलेली होती.

माझा नवरा आन्सेल्म — वर झोपलाय, दुपारचा पडतो जरा — तो ब्रेमोंच्या तळ्यांचा राखणदार होता. तळी गढीच्या मालकाची, मालक पॅरिसला, इथं येणार शिकारीच्या दिवसांत, बाकी सगळं आन्सेल्मवर. मोऱ्या उघडायच्या, शरदात पाणी सोडून मासे धरायचे, बांध तुडवायचे. आणि पाखरं. आता तुला वाटेल, तार लावणारा म्हणजे कुणी राक्षस असेल — अगं, ह्या माणसानं लग्नापासून माझ्यावर आवाज चढवला नाही. चढवायची ती मीच. डुकराच्या गळ्यावर सुरी ठेवायच्या दिवशी हा घराबाहेर निघून जायचा, आणि सुरी मी धरायची — माझा बाप डुकरं कापत गावोगाव फिरायचा, मला काय त्याचं. हा मात्र मे महिन्यात लव्हाळ्यातली घरटी मोजत होडीत बसायचा, आणि एखादं अंडं फुटलेलं दिसलं की जेवायचा नाही.

मग सायकलवाले यायला लागले. आधी थोडे, मग झुंडीनं. चांगली माणसं — इथंच कॉफी प्यायची, माझी भाकर खायची. पण बांधावर कुत्री मोकळी सोडायची, पोहायला उतरायची. एका वर्षी अख्खी वसाहत उठून गेली पाखरांची, पिल्लं तशीच घरट्यात मेली. यानं पाटी लावली — पाटी तळ्यात. साखळी लावली — सायकली उचलून पलीकडं. मालकाला फोन केला, तर मालक म्हणाला, ‘बंद कर म्हणजे कर, कसं ते मला सांगू नकोस.’ असं म्हणायला काय लागतं? पॅरिसला बसून काहीच लागत नाही. त्या दिवसापासून हा गप्प झाला. मी म्हटलं, काय रे, दात दुखतोय का? ‘नाही,’ म्हणाला. आणि एवढंच.

त्या सकाळी मी त्याचा डबा घेऊन मोरीवर गेले होते. ऊन लख्ख, तळं आरशासारखं, बेडकांचा नुसता कालवा. आणि पलीकडून एक माणूस आला, निळी टोपी, सायकलीला दोन्ही बाजूंना पिशव्या, उतारावर पाय थांबवून मजेत येत होता — शीळ घालत होता गं, मला ऐकू आली — आणि मधेच तो माणूस मागं राहिला आणि सायकल एकटीच पुढं गेली. असंच दिसलं मला. सायकल थोडी पळाली आणि लव्हाळ्यात शिरली. मला वाटलं, पडला वेंधळा. हसूसुद्धा आलं असेल. मग जवळ गेले तर तो उताणा, दोन्ही हात गळ्याशी, आणि बोटांमधून — तू खा, थांबू नकोस — बोटांमधून रक्ताचे बुडबुडे येत होते. श्वास गळ्यातून बाहेर पडत होता, तोंडातून नाही. आणि त्याच्या डोक्यावर ती तार, दोन झाडांना ताणून बांधलेली, अजून थरथरत होती.

मी गुडघ्यावर बसले आणि एप्रन त्याच्या गळ्यावर दाबला. जिवाच्या करारानं. डुकराचं रक्त कुठून उसळतं ते ज्याला ठाऊक, त्याला कुठं दाबायचं तेही ठाऊक असतं. तो लाथा झाडत होता, माझ्या छातीवर गुद्दे घालत होता, मला ढकलत होता — मी त्याला म्हणतेय, ‘झोप, गाढवा, झोप, मरशील!’ गरम रक्त कोपरापर्यंत. एवढ्यात आन्सेल्म धावत आला. आला आणि उभा राहिला. टोपी काढून हातात. म्हणाला, ‘मला वाटलं, त्यांना दिसेल.’

एवढंच. मला वाटलं, त्यांना दिसेल.

आणि मग त्या माणसाची बायको आली. ग्रीट तिचं नाव, बेल्जियमची, गढीचे फोटो काढायला मागं थांबली होती. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. तारेकडं पाहिलं. मग आन्सेल्मच्या खिशातून डोकावणाऱ्या पकडीकडं पाहिलं. ओरडली नाही, रडली नाही — सायकलीला गुंडाळलेली कुलपाची साखळी काढली, ही जाड, आणि पहिला फटका गुडघ्यावर. वाटी फुटल्याचा आवाज मी ऐकला. ओल्या लाकडाला कुऱ्हाड लागावी तसा. तो खाली बसला तर दुसरा तोंडावर. दात उडाले. तिसरा पुन्हा गुडघ्यावर, त्याच जागी. त्यानं हात वर केले नाहीत. वाचवायलासुद्धा नाहीत. फक्त मला हाक मारली — ‘मोरिसेत!’ — मग आणखी एकदा, लहान मूल मारतं तशी. आणि मी त्याच्यापासून एवढ्यावर होते बघ, ह्या टेबलापासून त्या दारापर्यंत. माझे हात परक्या माणसाच्या गळ्यावर. सोडले असते तर तो गेलाच होता. धरून ठेवले तर माझ्या माणसाला ती बाई माझ्यासमोर फोडत होती. तू काय केलं असतंस? नको सांगू. कुणालाच सांगता येत नाही.

मी धरून ठेवलं. हेलिकॉप्टर येईपर्यंत. डॉक्टरनं माझी बोटं एकेक करून उचलली, ती उघडतच नव्हती. वाचला तो. वाउटर. आवाज गेला, नुसती फुसफुस उरली, पण जिवंत आहे, नाताळला कार्ड पाठवतात दोघं. आन्सेल्म तुरुंगात गेला — जायलाच हवा होता, मीच पोलिसांना सगळं सांगितलं, पकडीसकट. मालकाला कुणी काही विचारलं? त्याच्या वकिलानं सांगितलं, साहेबांना कल्पना नव्हती. झालं! आणि गावानं काय केलं? कुणीतरी माझ्या ह्या खानावळीच्या पाटीवर छर्रे झाडले. दारात मेलेला बगळा टाकला, मान मुरगाळलेला. आणि सिल्व्हँ इथं उभा राहून, माझीच दारू पिऊन म्हणतो, ‘नवरा मार खातोय आणि बायको दुसऱ्याच्या गळ्यात हात घालून बसलीय.’ मग बाटली. त्याला म्हटलं, पुन्हा बोललास तर दुसरा डोळा.

बाकीचे बरे आहेत म्हणा. ते म्हणतात, मोरिसेतचे हात अडकले होते, बिचारी काय करणार. वकीलही तेच म्हणाला. आन्सेल्मसुद्धा — सुटून आला त्या दिवशी तोंड धुऊन बसला आणि म्हणाला, ‘तुझे हात अडकले होते, मला ठाऊक आहे गं.’ मी म्हटलं, हो. आणखी काय म्हणणार? त्याला तेवढंच तर उरलंय. पण पोरी, खरं सांगू — हात मोकळे असते ना, तरी मी उठले नसते. बसून बघितलं असतं. त्या तारेखाली बसून मी तिचे फटके ऐकत होते आणि मनात म्हणत होते, आणखी एक. आणखी एक घाल गं बाई —

शू! जिन्यावर काठी वाजली. उतरतोय तो. ऐकलं असेल का? दार लोटलेलं होतं ना? काहीतरी बोल — हवेचं बोल, वारा आहे म्हण, बोल की!

ये, आन्सेल्म. झोप झाली? ही पोरगी तूर शहरातून आलीय, सायकलनं. हो, एकटीच. नाही रे, ती मोठ्या रस्त्यानं जातेय. बांधावरून नाही. मी सांगितलंय तिला. नकाशा कशाला बघतोस — असेल बोट ठेवलेलं, बोट काय कुठंही ठेवतं माणूस! अरे, टोपी कशाला घेतोस? गुडघा बघ तुझा, सकाळी सुजला होता. आन्सेल्म!

ऐकणार नाही तो. कुणी बांधाचं नाव काढलं की उठतोच. म्हणून म्हणत होते तुला. आता जा त्याच्यामागं. सायकल हातात धर, बसू नकोस तिच्यावर. तो पुढं चालेल, काठी अशी गळ्याच्या उंचीला आडवी धरून, बांध संपेपर्यंत. तार कधीच गेली, पोलिसांनी गुंडाळून नेली, तरी तो असाच चालतो. घाई करू नकोस. आणि तो ‘पोहोचलीस’ म्हणाला की मागं वळून बघू नकोस.

जा म्हणते ना. आणि जाताना दार ओढून घे.