पत्रिकेवर छापायचं गाव

लंडनमधल्या हाउन्सलोच्या नोंदणी कार्यालयात लग्नाची आणि मृत्यूची माणसं एकाच खोलीत बसत. पत्नीच्या, लताच्या मृत्यूचा फॉर्म धरून हरिदास बसले होते. शेजारी मायलेकींचं मराठीत चाललं होतं.

"पत्रिकेवर मुलाचं मूळ गाव छापतात, निवेदिता. ते नसेल तर हे लग्न मला मान्य नाही."

"पोलंडमध्ये, लुब्लिनजवळ आहे, आई."

"मग त्याचे पणजोबा रशियात जन्मले आणि त्यांचे पणजोबा ऑस्ट्रियात, ते कसं?"

"गाव तेच. ऑस्ट्रियाने घेतलं आणि गॅलिशिया प्रांतात घातलं. पुढे रशियाने घेतलं आणि लुब्लिनच्या सुभ्यात घातलं."

"वा. बादशहा बदलला की पत्ता बदलला. अशा फिरत्या गावात मुलगी देऊ?"

"गाव नाही फिरलं. कचेऱ्या फिरल्या."

"मग पत्रिकेवर सगळ्या बादशहांची नावं घालू. आपल्या नातेवाइकांना फार कौतुक वाटेल."

हरिदास खाकरले. "बाई, माझी बायको जन्मली तेव्हा तिचं गाव मुंबई राज्यात होतं, रत्नागिरी जिल्ह्यात. आता तेच महाराष्ट्रात, सिंधुदुर्गात आहे. जन्मस्थळ काय लिहू?"

बाईंनी त्यांच्या हातातला फॉर्म पाहिला.

"गावाचं नाव लिहा, भाऊ. ते कुठे जातंय?"

मग पर्समधून पेन काढून त्या लेकीला म्हणाल्या, "सांग बाई, त्याच्या गावाचं नाव काय ते."