घट्ट धरा, आता सोडा

बाबा: ...तर मोठे डॉक्टर त्या परीक्षेला बसलेल्या मुलाला म्हणाले, पेशंटशी हात मिळवा. मिळवला. मग मला म्हणाले, आता सोडा. मी सोडतोय कुठला? बोटं उघडायलाच तयार नाहीत. पोरगा घामाघूम झाला.

आई: आणि हे असे खूश, जणू ह्यांचाच सत्कार चाललाय. दवाखान्यातून हसत घरी येणारा हा एकच पेशंट असेल.

बाबा: सत्कारच समज. एवढा दुर्मिळ आजार आहे म्हणून दर वर्षी मेडिकल कॉलेजच्या परीक्षेला मला मानाने बोलावतात. स्नायू आवळतात, पण सैल व्हायला वेळ लावतात. पोरांनी नुसतं पुस्तकात वाचलेलं असतं. माझ्या हातात ते बघायला मिळतं.

आई: जिना चढताना धाप लागते, बसल्याबसल्या डुलक्या येतात, गेल्या वर्षी रस्त्यात आडवे झालात तेव्हा छातीत यंत्र बसवावं लागलं. तेही बघायला मिळतं का पोरांना, की फक्त हातच?

बाबा: तू ना, कौतुकात कायम मिठाचा खडा टाकतेस.

आई: ह्या माणसाच्या हातून काही सुटत नाही हे मी लग्नानंतर महिन्याभरात ओळखलं होतं. डॉक्टरांना त्यासाठी रक्त तपासावं लागलं.

बाबा: हस. कंडक्टर होतो तेव्हा लोक तक्रारी करायचे, हा सुटे पैसे हातातच धरून ठेवतो म्हणून. साहेबांनी सगळ्यांसमोर झापलं होतं मला. चोर ठरलो होतो. आजाराचं नाव कळलं त्या दिवशी निदान एवढं तरी कळलं, की मी चोर नव्हतो.

आई: ते मात्र खरं. तेव्हा रडलात तेवढे सासूबाई गेल्या तेव्हाही रडला नव्हतात.

मुलगा: मी जरा पडतो आत जाऊन. सकाळी लवकर जायचंय दवाखान्यात.

आई: थांब. उद्या हर्नियाचं ऑपरेशन तुझं, आणि काल भूल देणाऱ्या मॅडमकडे गेलास तो एकटाच. मला म्हणालास, तू कशाला येतेस, सलूनमधून परस्पर जातो. काय काय विचारलं त्यांनी?

मुलगा: नेहमीचंच. दात हलतात का, कसली ॲलर्जी आहे का, घोरतोस का.

आई: आणि घरात कोणाला काय आजार आहे ते?

मुलगा: विचारलं.

आई: मग?

मुलगा: म्हटलं, वडिलांना बढाया मारायचा आजार आहे. हसल्या त्या.

आई: हसल्या. आणि पुढे?

मुलगा: पुढे काही नाही. बाकी कोणाला काही नाही म्हटलं. त्या पुढच्या प्रश्नावर गेल्या.

बाबा: नाही म्हणालास?

मुलगा: छोटंसं ऑपरेशन आहे, बाबा. अर्ध्या तासात बाहेर.

आई: बाहेर कसा येशील ते विचार ना. ह्यांच्या डॉक्टरांनी मला समोर बसवून समजावलंय. हा आजार असलेल्याला नेहमीची भूल दिली तर श्वास अडकतो, हृदय दगा देतं. आधी सांगितलं तर औषधं बदलतात, डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतात आणि माणूस धड घरी येतो. आणि हेही बजावलं होतं, की बापाचा आजार पोरात उतरू शकतो, पोराची तपासणी करून घ्या. दोन वर्षं झाली मी कानीकपाळी ओरडतेय. ह्याचं आपलं, बघू, करू, पुढच्या महिन्यात.

मुलगा: निम्मी शक्यता आहे म्हणाले होते ना? मग मी दुसऱ्या निम्म्यात.

आई: वा रे वा. परवा गिऱ्हाइकाचे केस मुठीत धरून बसलास, तो कळवळला तरी सोडेनास. तुझ्या सलूनच्या मालकीणबाईंचाच फोन आला होता. म्हणाल्या, कापतो छान, पण अलीकडे सोडत नाही.

मुलगा: हात गारठले होते. थंडी होती.

आई: ह्यांनाही इतकी वर्षं थंडीच वाजत होती.

मुलगा: मग काय करू? तपासणी करून कपाळावर नाव चिकटवून घेऊ? हातात कात्री आहे माझ्या, आई. हातावरच पोट आहे. ज्याची बोटं वेळेवर उघडत नाहीत, त्याच्या पुढ्यात कोण मान देईल? झाकली मूठ सव्वा लाखाची.

आई: झाक की. हवी तेव्हा उघडत नाही, तिथेच तर घोडं पेंड खातंय.

बाबा: हात दे इकडे.

मुलगा: बाबा, आता घरात परीक्षा नको.

बाबा: अख्ख्या कॉलेजचा माझा हात धरून झाला. तू रस्ता ओलांडायला शिकलास तेव्हा सोडलास, तो आजवर पुन्हा धरला नाहीस. दे.

मुलगा: घ्या. झालं समाधान?

बाबा: असा मेल्यासारखा नाही. घट्ट. अजून. हं, आता सोड.

(कोणाचाच हात सुटत नाही.)

मुलगा: तुमचा अडकलाय.

बाबा: माझा अडकलाच आहे.

आई: थांबा, ह्यांची बोटं मी उघडते. रोजचंच काम आहे माझं. ही करंगळी, हे मधलं बोट... हा अंगठा. ह्यांचा पंजा मोकळा झाला. आता कोण कोणाला धरून बसलंय, तूच बघ.

बाबा: ओढू नकोस. झटका देऊ नकोस. आपोआप सुटेल, जरा थांब.

मुलगा: तुम्हाला आधी असंच व्हायचं?

बाबा: असंच.

आई: नको त्या बाबतीत बापावर गेलास.

मुलगा: आई, रडू नकोस ना.

आई: रडत नाहीये, राग आलाय मला. घरात एक जण टाळ्या घेत फिरतोय, दुसरा हात खिशात घालून फिरतोय, आणि भीती वाटून घ्यायचं काम तेवढं माझ्या एकटीकडे. मेलास म्हणजे मी काय करू?

मुलगा: सुटला बघ.

आई: सुटला ना, मग त्याच हाताने फोन लाव त्या मॅडमना.

मुलगा: बाबांना लावू दे. त्यांना आवडतं आजाराबद्दल बोलायला.

बाबा: नाही आवडत.

आई: हे नवीनच ऐकतेय.

बाबा: सगळे माझ्याकडेच बघत राहिले तर पोरा, तुझ्या हातांकडे कोणाचं लक्ष जाणार नाही, असं वाटायचं मला. माझंसुद्धा. मूर्खपणाच तो.

आई: मूर्खपणाच. मीच लावलाय फोन, घे, बोल.

मुलगा: हॅलो, मॅडम? उद्या सकाळी हर्नियाचं ऑपरेशन आहे ना, तो मी. काल तुम्ही विचारलं होतं, घरात कोणाला काही आजार आहे का. आहे. वडिलांना आहे. आणि... बहुतेक मलाही.