भोंग्यातली शकिला

न्हाई, पण मी म्हणतो, मेलेल्या माणसानं तरी जरा येळकाळ बघून बोलावं का न्हाई? तुम्हाला सांगतो, काल कंधारच्या भर बाजारात लोकं मला मारायचेच बाकी होते! आन् माझा गुन्हा काय, तर मी आपली रिक्षा चालवून राहिलो होतो. हाव, तीच रिक्षा, टपावर दोन भोंगे, आत मशीन, मशीनला पेन ड्राइव्ह. साड्यांचा सेल असू द्या, हरवलेली म्हैस असू द्या, न्हाई तर कुणाची मयत, गावात बातमी फिरवायची तर महेबूबचाच भोंगा. तर काल आपले किराणावाले रामलिंगअप्पा गेले. पोरानं बातमी सांगितली, मी घसा खाकरून, आवाज जड करून मशीनमधे भरली... 'कळविण्यास अत्यंत दुःख होते की, येथील प्रतिष्ठित व्यापारी रामलिंगअप्पा यांचे दुःखद निधन झाले आहे. अंत्ययात्रा आज दुपारी राहत्या घरून निघेल होऽऽ...' लोकं दुकानाच्या बाहेर आली, टोप्या काढल्या, हात जोडले, एक म्हातारी तर डोळे पुसायला लागली... आन् मग ती बोलती!

'टेक ऑफ! टेक ऑफ म्हंजे उडणे! नांदेडहून इमान टेक ऑफ झालं, भुर्रर्रर्र!'

आता काय सांगू! अप्पाचा पोरगा आडवाच आला रिक्षाला. 'ओ महेबूबभाई, बाप गेलाय माझा, इमान न्हाई!'

ती म्हंजे शकिला. माझी बायको. तिला जाऊन वरीस होत आलं. जाहिराती तीच भरायची, आवाज असा खणखणीत, की ती घरातून 'च्या झाला' म्हणली की शेजारचे दोघं उठून यायचे. तर त्या वक्ताला दयानंद सरनी इंग्रजीचा क्लास काढला होता इथं. सर म्हणले, भाभी, रोज एक शब्द भोंग्यातून फिरवू, त्याचे सगळे अर्थ, आन् शेवटी क्लासचा पत्ता. पहिला शब्द दिला, टेक ऑफ. झालं! बाई इंग्रजीला पेटली ना! मी दारात आलो की, 'अजी, चप्पल टेक ऑफ करा.' सुट्टी घ्यायची, टेक ऑफ. धंदा जोरात चालला, टेक ऑफ. न सांगता निघून जायचं, ते बी टेक ऑफच! म्या म्हणलं, अगं, एवढ्या कामाला एकच शब्द, इंग्रज लई गरीब होते का काय? पहिला शब्द भरला, आन् दुसऱ्या शब्दाच्या आधी ती आजारी पडली. उठलीच न्हाई.

मशीनला बातम्या एकामागं एक आपोआप लागतात. कुणाची बी बातमी भरा, ती संपली की त्याच्या पाठीमागं ही उभीच! शाळेच्या दाखल्याचं शिबिर... आन् मग ती बोलती. पोलिओचा डोस... आन् मग ती बोलती. तुम्ही म्हणाल, बटन दाब की बाबा! अहो, एक हात हँडलला, एक हात हॉर्नला, समोर बैल, बटन काय दातानं दाबू?

आन् क्लास तर कवाच लातूरला गेला! सर तिकडून फोन करून राहिले, 'महेबूबभाई, बंद करा ते, लोकं अजून कंधारात पत्ता हुडकून राहिले.' म्हंजे बघा, बोलणारी न्हाई, क्लास न्हाई, पर जाहिरात चालू! भूत याहून वेगळं काय असतंय?

आन् त्यात पुढं अजून एक अर्थ हाय. टेक ऑफ म्हंजे कुणाची नक्कल करणे. तर बाईनं भरताना नक्कल कुणाची करावी? माझी! माझा असला रडका आवाज काढती, 'शकिलाऽ, माझा चष्मा कुठं हाय गंऽ?' आन् मग लगेच स्वतःच्या आवाजात, 'डोक्यावर हाय! टेक ऑफ करा!' आख्खा बाजार हसतो. मी बी दर टायमाला डोक्याला हात लावतो. माहीत असतंय, रोजचंच हाय, तरी हात जातोच... आन् चष्मा डोक्यावरच असतोय हो!

तर काल अप्पाच्या पोरानं सगळ्या दुकानदारांसमोर सांगितलं, ती बाई मशीनमधून निघाली न्हाई तर महेबूबला बाजारात कुणी काम द्यायचं न्हाई. सगळ्यांनी माना हलवल्या. मग मोबाईलवाला अकरम आला, चांगला पोरगा हाय, म्हणला, 'चाचा, द्या इकडं, उडवून टाकतो.' उडवून टाकतो म्हणला! शकिलाला! मी सगळ्यांना सांगत आलो, की मला ते काढता येत न्हाई. येतंय मला. चांगलं येतंय. पेन ड्राइव्ह मी मुठीत धरला, घट्ट. अकरम म्हणला, 'मोबाईलमधे घेऊन देतो की, घरी बसून ऐका.' घरी? एकदा ऐकलं घरी. चार भिंतीत तो आवाज लई बारीक येतो, आन् ऐकून झाल्यावर घर असं गप होतं, की बाई गेली हे तवाच कळतं मला. भोंग्यातून कशी, अंगावर आल्यासारखी बोलती, लोकं तिला शिव्या देतात, हसतात, कुणी म्हणतं 'आली बघा भाभी'... मेलेल्या बाईला कुणी शिव्या देतं का?

रडायलाच आलं मला. म्या म्हणलं, घ्या, काढा. धंदा तर करायचा हाय.

तेवढ्यात तिथंच दुकानाला लागून घराच्या ओट्यावरून अप्पाची बायको सिद्धम्मा बोलली. नवरा आत ठेवलेला, आन् म्हातारी काय म्हणली असंल? 'राहू दे रे तिला. ह्यो माणूस जल्मभर गल्ल्यावरून उठला न्हाई. भोकरच्या पुढं कवा गेला न्हाई. शेवटी तरी उडाला म्हणून कुणीतरी सांगितलं!' आन् पदर तोंडाला लावून हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. पोरगा रिक्षापुढून बाजूला झाला. अकरमनं काही न उडवता, हाय तसा पेन ड्राइव्ह मशीनला लावून दिला.

म्हणून आज सकाळी मी एक काम केलं. माझ्या स्वतःच्या मयतीची बातमी माझ्याच आवाजात भरून ठेवली. हाव, एकदम जड आवाजात! अकरमला सांगितलं, मी गेलो की लाव आन् गावभर फिरव. भरली, लावून बघितली. 'महेबूब भोंगेवाले यांचे दुःखद निधन झाले आहे...' लई झकास झाली होती हो. मलाच वाईट वाटलं माझ्यासाठी. शेवट आला, भोंगा जरासा थांबला...

आन् मग ती बोलती! घ्या! जितेपणी घरात शेवटचा शब्द तिचाच असायचा. म्या म्हणलं, मरताना तरी माझा असंल... कुठलं काय हो!