उत्तरेची खोली

थ्यूरा : अगं बाई! मी उठले तरी खुर्चीत बसलेलीच आहे की मी!

विबेके : तुमच्या अंगाची ऊब आहे ती, थ्यूराकाकू. हा कॅमेरा माणूस बघत नाही, ऊब बघतो. पिवळं-लाल दिसतं ते उबदार, निळं ते गार, काळं त्याहून गार.

थ्यूरा : एस्बेन, बघ तरी! तुझ्या आईची बैठक किती ऐसपैस आहे ते कळेल.

एस्बेन : पाहिली, आई. विबेके, तिला भिंती दाखवा. ऊब कुठून गळते ते शोधायलाच नगरपालिकेनं तुम्हाला पाठवलंय ना? हिला वाटतं, घर ठणठणीत आहे आणि मीच उगाच तिला या बेटावरून उचलून बोटीपलीकडच्या शहरात फ्लॅटमध्ये नेऊन टाकतोय.

थ्यूरा : टाकतोयसच. घर विकायचं म्हणून शनिवारी बघायला माणसं बोलावलीस, मला न विचारता.

एस्बेन : अगं, घरात कोट घालून बसतेस तू! विजेची बिलं न उघडताच पावाच्या डब्यात लपवतेस.

थ्यूरा : दुसऱ्याच्या पावाच्या डब्यात हात कोण घालतं रे?

विबेके : भांडणं नंतर. ही बघा तुमची बैठकीची भिंत.

थ्यूरा : सगळी निळी… खिडकी तर काळीच! म्हणजे मी रोज इथं बसून अंगण तापवते?

विबेके : जवळजवळ. विटांचे दोन थर आहेत, पण मधली फट रिकामी आहे. आणि एवढी मोठी खिडकी कशाला केलीत?

थ्यूरा : उजेडासाठी! जानेवारीत दुपारी चारला अंधार पडतो. सगळ्या डेन्मार्कात दक्षिणेची खोली सोडून कोण बसतं? उत्तरेची खोली तर माझा नवरा आक्सेल गेला तशी मी बंदच केली. तेव्हापासून तापवलेली नाही, बर्फाचं घर झालंय. तुम्ही फोनवर सांगितलंत, म्हणून आज पहाटे तिथंही हीटर लावून ठेवला.

विबेके : मग तीही बघूया.

(उत्तरेच्या खोलीचं दार उघडतं.)

एस्बेन : आई, इथला हीटर बंद पडलाय.

विबेके : पडला नाही. खोली तापली, म्हणून आपोआप थांबलाय. थांबा… बाप रे!

एस्बेन : काय झालं?

विबेके : बारा वर्षं हे काम करतेय मी. या बेटावरच्या जुन्या घरात अशी भिंत पाहिली नाही. बघा ना, पार कोपऱ्यापर्यंत पिवळी! कुठं एक निळी रेघ नाही. काय भरलंय हिच्यात?

थ्यूरा : गवत.

विबेके : गवत?

थ्यूरा : समुद्रातलं. वादळानंतर किनाऱ्यावर ढीग लागतात ना, ते. आक्सेलनं गाड्याच्या गाड्या ओढून आणल्या. कुरणात पसरलं, पावसात धुऊ दिलं, वाळवलं आणि कोंबलं भिंतीत. सगळं गाव हसलं. मीही हसले.

एस्बेन : मग बाकीचं घर का सोडलं?

थ्यूरा : मी सोडायला लावलं. म्हटलं, घराला मेलेल्या माशांचा वास मारतोय, माझ्या बैठकीला हात लावलास तर माहेरी निघून जाईन. बिचाऱ्यानं ऐकलं. उरलेलं मेंढ्यांखाली अंथरलं. आणि मी चाळीसेक हिवाळे तिथं कुडकुडले, पण माझं चुकलं म्हणून कधी कबूल केलं नाही.

विबेके : ना खचलंय, ना कुजलंय. इतकी वर्षं! माझा तर विश्वासच बसत नाही. हात लावून बघा, काकू.

थ्यूरा : आई गं… आक्सेलच्या पाठीसारखी लागतेय.

एस्बेन : पण बाबांनी नेमकी हीच खोली का धरली?

थ्यूरा : तुझा पाळणा होता इथं. पहिल्याच हिवाळ्यात छाती भरून तू निळा पडला होतास. डॉक्टर बोटीनं येईपर्यंत त्यानं तुला शर्टाच्या आत धरून ठेवलं. तू बरा झालास, तेव्हा म्हणाला, पुढच्या थंडीत याला गार लागू देणार नाही.

एस्बेन : मला कधी बोलले नाहीत.

थ्यूरा : तो कुणाला काय बोलायचा?

एस्बेन : मला वाटायचं, माझ्यावर त्यांचा जीवच नव्हता.

विबेके : काकू, तुमचा पलंग इथं हलवा. हिवाळाभर ही एकच खोली तापवलीत तरी पुरे. आणि बैठकीच्या भिंतीतही हेच गवत भरता येईल.

थ्यूरा : कोण भरणार? आणि शनिवारी माणसं येतायत.

एस्बेन : विबेके, कॅमेरा जरा इकडे धरा. मी भिंतीवर हात ठेवतो… आता काढला.

विबेके : ठसा दिसतोय. पाचही बोटं.

थ्यूरा : अजून आहे! अजून आहे, एस्बेन!

एस्बेन : त्या माणसांना कळवतो, येऊ नका म्हणून. आई, गवत किनाऱ्याला कधी लागतं?

थ्यूरा : ऑक्टोबरातली वादळं झाली की. वास येतो हं त्याला.

एस्बेन : येऊ दे.