लेखकाला विषय समजलेला नाही

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, आदरणीय प्राचार्य. आमच्या शब्दाखातर आलेल्या प्रमुख पाहुण्या, आरोग्याच्या समाजशास्त्राला वाहिलेल्या नियतकालिकाच्या संपादक बाई. सत्कारमूर्ती, आमचे विभागप्रमुख सर. पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी. माझे सहकारी आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

समितीनं मला विषय नेमून दिलाय, 'सरांचं संशोधनातलं योगदान'. शिवाय बजावलंय की मॅडम, थोडक्यात आटपा, चहा गार होतोय. होऊ द्या गार. मी आज रागावलेली आहे, आणि तो राग हसून झाकायचा माझा विचार नाही.

आधी योगदान. रुग्ण बोलतो आणि डॉक्टर ऐकून घेत नाहीत, या एका विषयावर सरांनी जे लिहिलं ते वाचून आम्ही या शास्त्रात आलो. हे मी मनापासून म्हणतेय. या हॉलमधल्या अर्ध्या लोकांना प्रश्न विचारायला सरांनी शिकवलं. मीही त्यातलीच.

आता प्रथा. आमच्या विभागातून बाहेर जाणारा शोधनिबंध कुणीही लिहो, पहिलं नाव सरांचं. ते नसेल तर विभागाचं शिफारसपत्र मिळत नाही. म्हणून मुलं सरांना पाठीमागे 'अग्रणी' म्हणतात. सर हसताहेत, म्हणजे त्यांना ठाऊक होतं तर.

तिसऱ्या रांगेत, खिडकीशी, माझी संशोधक विद्यार्थिनी बसलीय. ती आधी मुलांच्या वॉर्डात परिचारिका होती. कायमस्वरूपी नोकरी सोडून ती आमच्याकडे आली, कारण एक शेरा तिच्या डोक्यातून जाईना. केसपेपरवर लिहिलेलं असतं, 'आई सहकार्य करत नाही.' कुठली आई? जी विचारते ती. अशी एक आई होती. औषध जेवणाआधी द्यायचं की नंतर, हे ती पुन्हा पुन्हा विचारत होती, कारण सकाळचे डॉक्टर एक सांगून गेले होते आणि संध्याकाळचे दुसरं. तिच्यावर शेरा पडला. पुढच्या डॉक्टरांनी मुलाकडे बघायच्या आधी तो शेरा वाचला. मग बाईनं विचारणंच सोडून दिलं आणि घरी गेल्यावर, चूक नको म्हणून, आधीही दिलं आणि नंतरही दिलं. मूल उलट्या करत परत दाखल झालं. वाचलं, पण केसपेपरवर पुन्हा तोच शेरा पडला.

अशा कितीतरी आयांशी ही मुलगी बोलली. वॉर्डाबाहेरच्या बाकावर, पाण्याच्या टाकीजवळ, जिथे जागा मिळेल तिथे. त्यातून तिनं शोधनिबंध लिहिला, मी तो तपासला, आणि प्रथेप्रमाणे पहिलं नाव सरांचं घालून त्यांच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो सही होऊन परत आला. एका स्वल्पविरामाला हात लागलेला नव्हता. पोरगी हरखून गेली. मला म्हणाली, "सरांना आवडला वाटतं, मॅडम."

निबंध आपल्या पाहुण्यांच्या नियतकालिकाकडे गेला. ज्यांना या कामाची सवय नाही त्यांच्यासाठी सांगते. तिथे लेखकांची नावं काढून निबंधाला नुसता क्रमांक देतात. नावं फक्त कार्यालयात राहतात, निबंध स्वीकारला जाईपर्यंत संपादकांनाही दिसत नाहीत. परीक्षकानं माणूस पाहून मत देऊ नये, हा हेतू. हेतू उत्तमच आहे. त्यासाठी लेखकानं आपल्या स्वतःच्या जुन्या लेखनाचा उल्लेखही झाकायचा असतो, नाहीतर ओळख पटते. आमचे पहिले लेखक कोण? सर. मग सरांच्या प्रत्येक पुस्तकाचा उल्लेख आम्ही झाकला आणि तिथे लिहिलं, 'लेखकाचे पूर्वीचे काम, नाव वगळले.' पानापानावर तेच, कारण मुलीनं सरांचं सगळं लेखन कोळून प्यायलं होतं.

कार्यालयानं तो क्रमांक या विषयातल्या जाणकाराकडे पाठवला. परीक्षकाचं नाव लेखकांत तर नाही ना, एवढं कुणीतरी पाहायला हवं होतं. ते राहिलं. आणि या विषयातले जाणकार कोण, हे मी सांगायला हवं का?

एका दुपारी सर स्टाफरूममध्ये चहा घेत बसले होते, खुशीत होते. म्हणाले, "काल एक निबंध साफ उडवला. ऐका, काय लिहिलंय मी. लेखकाला विषय समजलेला नाही. या क्षेत्रातलं मूलभूत लेखन त्यानं वाचलेलंही दिसत नाही." कुणीतरी विचारलं, "कुणाचं लेखन, सर?" सर म्हणाले, "माझंच की." आम्ही सगळे हसलो. मग सरांनी नाटकी आवाजात त्या निबंधातलं एक वाक्य वाचून दाखवलं, 'विचारणारी आई वॉर्डाला आजारापेक्षा जड जाते.' ते वाक्य मी त्या मुलीकडून तीनदा नव्यानं लिहून घेतलं होतं. मी कप खाली ठेवला.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, तो निबंध आपला होता."

"आपला म्हणजे कुणाचा?"

"तुमचा. पहिलं नाव तुमचं आहे. तुमची सही आहे त्यावर."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "हे बाहेर बोलू नका. दुसरीकडे पाठवून देऊ."

दुसरीकडे पाठवलं की वर्ष जातं. या मुलीची मुदत महिनाअखेरीस संपते. निबंध स्वीकारला गेल्याचं पत्र नसेल तर प्रबंध दाखल होत नाही, नोंदणी रद्द होते. ती नोकरी गेली, इतक्या वर्षांची मेहनतही गेली. सरांनी संपादकांना दोन ओळी लिहिल्या असत्या, की अभिप्राय माझा आणि निबंधही माझ्याच नावाचा, म्हणून तो अभिप्राय रद्द समजावा, तर निबंध पुन्हा दुसऱ्या परीक्षकाकडे गेला असता. मी तीनदा विनंती केली. शेवटी सर म्हणाले, "निवृत्तीच्या तोंडावर माझी शोभा करता का?"

न वाचता सही करण्याचा मला फारसा राग नाही. कामाच्या रगाड्यात होतं तसं. नीट न वाचता नावं ठेवली, तेही समजून घेईन. पण कळल्यावर गप्प बसलात, सर. ज्या माणसानं आम्हाला शिकवलं की ऐकून न घेण्यानं माणसं मरतात, त्यानं एका विद्यार्थिनीचं आयुष्य स्वतःच्या हारतुऱ्यांपेक्षा हलकं मानलं. याचा मला संताप येतो. घरी भांडी घासताना येतो, वर्गात शिकवताना येतो.

संपादक बाई, तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय की हे तुम्हाला आत्ताच कळतंय. वहिनी, तुम्हाला त्रास झाला, त्याचं मात्र मला वाईट वाटतं. आणि ज्यांना वाटतंय की आजच्या दिवशी हे बोलायला नको होतं, त्यांना सांगते, मी त्या मुलीला विचारून आलेय. म्हटलं, "बोलले तर तुलाही झळ बसेल." ती म्हणाली, "बोला मॅडम. गप्प बसलं की काय होतं ते मीच लिहिलंय ना."

सर, मला आता पत्र नको. संपादक बाई तुमच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसल्यात. एवढंच म्हणा की तो अभिप्राय माझा होता, तो मी मागे घेतो. आणि ज्या निबंधाच्या लेखकाला विषय समजलेला नाही असं तुमचं मत आहे, त्या निबंधावरून तुमचं नावही काढून घ्या. उद्या तुम्ही विभागप्रमुख नसाल. आज आहात.

समितीनं मला संधी दिली, पुन्हा देईल असं वाटत नाही, म्हणून आजच मनापासून आभार मानते. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आपलेही आभार. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणि ज्यांना ते जमणार नाही, त्यांनी माझी चूक जरूर लिहून कळवावी, फक्त खाली स्वतःचं नाव घालावं.

सर, माईक तुमच्यासमोर ठेवतेय. चालू आहे.